होडी लहान घ्यावी की मोठी? मुळशीच्या काठावरचा एक हिशोब

पुण्याहून चांदणी चौक, पिरंगुट, पौड असा रस्ता धरला की तासा-दीड तासात डोंगरांच्या कुशीत पसरलेले मुळशीचे पाणी दिसू लागते. शनिवार-रविवारी या वाटेने जाणाऱ्या कुटुंबांपैकी काहींच्या मनात ते पाणी पाहून एक इच्छा जागी होते: इंजिनाचा गोंगाट नसलेली, निव्वळ वाऱ्यावर चालणारी एखादी शिडाची होडी आपलीही असावी. नवी होडी परवडत नाही. मग मुंबई, हैदराबाद किंवा गोव्याकडून वापरलेली होडी मिळते का, अशी विचारपूस सुरू होते. बहुधा दोन पर्याय पुढे येतात. एक लहान आणि स्वस्त, दुसरी मोठी आणि थोडी महाग. मोठीत सारे कुटुंब मावेल, लहान मात्र सहज हाताळता येईल. हा निर्णय दिसतो तितका सोपा नाही. त्यात पैशाचा प्रश्न आहे, आणि त्याहून अधिक माणसांच्या सुरक्षिततेचा.

मुळशीचे पाणी समजून घ्यावे

होडीची निवड होडीपासून सुरू होत नाही. ती ज्या पाण्यावर चालायची त्या पाण्यापासून सुरू होते. मुळशीचा जलाशय हे निसर्गनिर्मित सरोवर नव्हे. मुळा नदीवर टाटांच्या वीज कंपनीने धरण बांधले, त्याविरुद्ध १९२१ मध्ये सेनापती पांडुरंग महादेव बापट यांच्या नेतृत्वाखाली मावळच्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला, आणि अखेर त्या खोऱ्यातील जमिनी पाण्याखाली गेल्या. हे पाणी बोगद्यातून आणि नळांतून सह्याद्रीच्या पश्चिमेस, कोकणातील भिरा येथे उतरवून त्यावर वीज तयार होते. या इतिहासाचा होडीशी दुहेरी संबंध आहे.

पहिला संबंध मालकीचा. जलाशय वीज कंपनीच्या ताब्यात आहे. काठावर आपली जागा असली तरी पाणी आपले होत नाही. म्हणून होडीचे पैसे देण्यापूर्वी कंपनीची व स्थानिक प्रशासनाची लेखी परवानगी मिळते का, कोणत्या भागात आणि कोणत्या अटींवर मिळते, हे विचारून घेणे ही पहिली पायरी होय. देशातील अंतर्गत जलमार्गांसाठी २०२१ मध्ये झालेल्या नव्या कायद्याने इंजिन नसलेल्या नौकांचाही विचार केला आहे. तेव्हा ‘आमची तर साधी शिडाची होडी’ असे म्हणून हा प्रश्न टाळता येत नाही. परवानगी न मिळाल्यास दुसरे पाणी शोधावे लागेल आणि मग होडी वाहून नेणे किती सोयीचे आहे, यालाच सर्वांत अधिक महत्त्व येईल.

दुसरा संबंध पाण्याच्या पातळीचा. वीजनिर्मितीसाठी पाणी सतत खर्च होते. पावसाळ्याच्या अखेरीस काठोकाठ भरलेला जलाशय उन्हाळ्यात बराच खाली उतरतो. ऑक्टोबरात जिथे होडी सहज पाण्यात ढकलता येत होती, तिथे एप्रिलमध्ये चिखलाचा आणि भेगाळलेल्या मातीचा लांब उतार उघडा पडतो. पाण्याखाली गेलेल्या वस्तीचे दगडी बांध, झाडांची खोडे पृष्ठभागाजवळ येतात. होडीच्या पोटातून पाण्यात उतरवलेली फळी अशा दगडावर आदळली तर ती मोडतेच, शिवाय होडीचा तळही चिरू शकतो.

वाऱ्याचेही तसेच आहे. हिवाळ्यात येथील वारे मंद, सकाळी तर अनेकदा पाणी आरशासारखे निश्चल. मार्च ते मे या काळात दुपारनंतर पश्चिमेकडून, घाट चढून आलेला वारा चांगला वाहतो. नौकानयनाला हाच काळ मोहक. परंतु याच काळात वळवाचे ढग जमतात आणि पाच-दहा मिनिटांत वाऱ्याचे वादळ होते. पावसाळ्यात ताम्हिणीच्या परिसरात जो पाऊस-वारा असतो, त्यात नवशिक्याने पाण्यावर जाण्याचा विचारही करू नये. शिवाय चहूबाजूंनी डोंगर असल्याने वाऱ्याची दिशा क्षणोक्षणी बदलते. डोंगराच्या आडोशाला वारा अगदी पडतो आणि खिंडीसमोर येताच एकदम झोत अंगावर येतो.

दोन होड्यांची ओळख

भारतातील नौकानयन संस्थांमध्ये अनेक वर्षे वापरात असलेल्या दोन जातींच्या होड्या उदाहरणादाखल घेऊ. पहिली ‘ऑप्टिमिस्ट’. अमेरिकेतील फ्लोरिडा प्रांतात क्लार्क मिल्स याने १९४७ मध्ये मुलांसाठी तिचा आराखडा केला. सामान्य घरातील मुलालाही परवडावी, म्हणून बाजारात मिळणाऱ्या प्लायवूडच्या आठ फुटी फळ्यांतून ती तयार व्हावी, अशी त्यामागची कल्पना होती. आज ती फायबरग्लासची असते. लांबी २.३ मीटर, नुसत्या सांगाड्याचे वजन ३५ किलो, एकच शीड, क्षेत्रफळ सुमारे ३.३ चौरस मीटर. समोरून बोथट, एखाद्या पेटीसारखी दिसणारी ही होडी एका मुलासाठी आहे. तिच्या स्पर्धांत पंधरा वर्षांपर्यंतचीच मुले उतरू शकतात.

दुसरी ‘एंटरप्राइज’. इंग्लंडमधील जॅक होल्ट याने १९५६ मध्ये तिचा आराखडा केला. लांबी ४.०४ मीटर, वजन सुमारे ९० किलो, पुढचे व मागचे अशी दोन शिडे मिळून साडेदहा चौरस मीटर. स्पर्धेत ती दोघे चालवतात. फेरफटक्याला मंद वाऱ्यात तिघे सामावतात.

हे आकडे शेजारी शेजारी मांडले की एक गोष्ट ध्यानात येते. दुसरीची लांबी पहिलीच्या पावणेदोनपट. वजन मात्र अडीचपट, आणि शीड तिपटीहून अधिक. होडी लांबीने वाढते, पण तिच्याबरोबर येणारे ओझे, जोर आणि खर्च लांबीच्या प्रमाणात वाढत नाहीत. ते त्याहून झपाट्याने वाढतात. त्यातच वाऱ्याचा दाब त्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी दहा किलोमीटरचा वारा वीसचा झाला की शिडावरचा जोर चौपट होतो. लहान शिडावर चौपट झालेला जोर दहा वर्षांचा मुलगा दोर सैल सोडून सांभाळू शकतो. मोठ्या शिडावर तोच चौपट जोर दोन प्रौढांचे हात भरून आणतो.

मोठीची बाजूही खरी आहे. लांब होडी स्वभावतः वेगवान असते. पाण्याला टेकलेली लांबी जितकी अधिक, तितका तिचा सहज वेग अधिक. ऑप्टिमिस्टचा असा वेग ताशी साडेसहा किलोमीटरच्या आसपास, तर एंटरप्राइजचा पावणेनऊच्या आसपास येतो. रुंद असल्याने ती अधिक स्थिर असते, बसायला ऐसपैस असते, आणि मुख्य म्हणजे तिच्यात मुलाशेजारी आई किंवा वडील बसू शकतात. या शेवटच्या मुद्द्याकडे पुढे पुन्हा यावेच लागेल.

आकाराविषयी इतिहास काय सांगतो

मराठी आरमाराला हा प्रश्न नवा नव्हता. आंग्र्यांच्या आरमारात गुराब आणि गलबत अशी दोन प्रकारची जहाजे मुख्य होती. गुराब मोठी, दोन-तीन डोलकाठ्यांची, दीडशे ते तीनशे टनांची, भारी तोफा वाहणारी. गलबत लहान, सहसा सत्तर टनांच्या आतले, शिडाबरोबर वल्ह्यांवरही चालणारे. वारा पडला की भारदस्त गुराब जागच्या जागी खिळे आणि तिला दोर बांधून ओढून नेण्याचे काम ही चिमुकली गलबते करीत. ज्या दिवशी वारा साथ देत नाही त्या दिवशी लहान नौकाच मोठीला तारते, हा अनुभव कोकणच्या दर्यावर्दींनी दोन-तीन शतकांपूर्वीच घेतला होता.

अलीकडचे उदाहरण याहून बोलके आहे. भारतीय लष्कराच्या अभियंता दलातील अधिकाऱ्यांनी १९८५ ते १९८७ या काळात ‘तृष्णा’ नावाच्या शिडाच्या नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणा केली. भारतीयांनी केलेली ती पहिलीच. ही नौका सदतीस फुटी, आणि तीही नवी नव्हे, वापरलेली. पुढे गोव्याच्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात नौदलासाठी ‘म्हादेई’ ही छप्पन फुटी नौका बांधण्यात आली. ऑगस्ट २००९ मध्ये कमांडर दिलीप दोंदे हे तीतून मुंबईहून निघाले आणि मे २०१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण करून परतले. सदतीस फुटांत अनेक जण आणि छप्पन फुटांत एकटा माणूस! यावरून दिसते की ‘किती माणसे, म्हणून किती मोठी नौका’ हे गणित तितकेसे खरे नाही. कोठे जायचे, काय करायचे आणि चालवणाऱ्याची तयारी किती, यांवर आकार ठरतो. दोंदे यांनी त्या नौकेची बांधणी सुरू असल्यापासून तिचा सांधा न् सांधा जाणून घेतला होता, हे विसरता कामा नये.

काठावरची कसोटी

मुळशीसारख्या ठिकाणी होडीची खरी परीक्षा पाण्यावर होण्याआधी काठावरच होते. ऑप्टिमिस्ट दोन माणसे उचलून नेतात. साध्या मोटारीच्या टपावर बांधून ती आणता येते. एंटरप्राइजला हातगाडा हवा, रस्त्यावर ओढून न्यायला ट्रेलर हवा, आणि चिखलाच्या चढावरून वर काढायला किमान चार माणसे हवीत. वारा उत्तम असतो तो एप्रिल-मेमध्ये, आणि काठावरचा उतार सर्वांत लांब असतो तोही तेव्हाच. ही अडचण विकत घेताना कोणाच्या लक्षात येत नाही. दुसऱ्या उन्हाळ्यात मात्र ‘आज राहू दे, माणसे नाहीत’ हे वाक्य घरात ऐकू येऊ लागते आणि ताडपत्रीखाली होडी झाकून पडते.

पैशाचा हिशोब

होडीची किंमत म्हणजे तिचा खर्च नव्हे. खरेदी, वाहतूक, पहिली दुरुस्ती, दरवर्षीची देखभाल, ठेवण्याची जागा, सुरक्षा साहित्य यांची बेरीज करून त्यातून पुढे विकताना मिळणारी रक्कम वजा करावी, आणि उरलेल्या रकमेला प्रत्यक्ष पाण्यावर गेलेल्या दिवसांनी भागावे. हाच तिचा खरा दर.

पद्धत समजावी म्हणून काही काल्पनिक आकडे घेऊ; हे बाजारभाव नव्हेत. समजा, लहान होडी साठ हजारांना घेतली, दुरुस्तीला वीस हजार लागले, पाच वर्षे दरसाल दहा हजार खर्च झाला आणि शेवटी ती चाळीस हजारांना विकली. निव्वळ खर्च नव्वद हजार. वर्षाला तीस दिवस याप्रमाणे पाच वर्षांत दीडशे दिवस, म्हणजे दिवसाला सहाशे रुपये. मोठी होडी दीड लाखाला घेतली, दुरुस्ती पन्नास हजार, दरसाल तीस हजार आणि शेवटी विक्री ऐंशी हजार. निव्वळ खर्च दोन लाख सत्तर हजार. तीही दीडशे दिवस पाण्यावर गेली तर दिवसाला अठराशे. तिघे बसले तर माणशी सहाशेच!

म्हणजे मोठी होडी महाग नाही, पण एका अटीवर: ती लहान होडीइतक्याच वेळा पाण्यात गेली पाहिजे आणि दर वेळी तिघे बसले पाहिजेत. माणसे जमत नाहीत म्हणून ती वर्षाला बाराच दिवस निघाली, तर साठ दिवसांत दोन लाख सत्तर हजार वाटले जातात. दिवसाला साडेचार हजार, माणशी दीड हजार. तेव्हा कुटुंबाने होडीकडे पाहण्याऐवजी घरातील दिनदर्शिकेकडे पाहावे. मुलांच्या परीक्षा, शिकवण्या, नोकरीच्या पाळ्या, सणवार आणि पाहुणे वजा जाता तीन माणसांना एकाच वेळी मोकळे असे वर्षात किती दिवस उरतात, हे प्रामाणिकपणे मोजावे. उत्तर बहुतेक वेळा त्या आकड्यातच असते.

सर्वांत मोठा प्रश्न

इथपर्यंतचा हिशोब लहान होडीच्या बाजूने झुकतो. परंतु त्यात एक रकाना अजून भरलेला नाही. ऑप्टिमिस्टमध्ये मूल एकटे असते. ते शिकते झपाट्याने, कारण दोर त्याच्याच हातात, सुकाणू त्याच्याच हातात आणि चूकही त्याचीच. होडी उलटली तर ती सरळ करून आत शिरलेले पाणी उपसणे, हा त्याच्या शिक्षणाचाच भाग असतो. भोपाळच्या तलावावर शिकलेल्या नेहा ठाकूर हिने हांगझोऊच्या आशियाई क्रीडास्पर्धेत २०२३ मध्ये मुलींच्या एकेरी होडीच्या प्रकारात रौप्यपदक मिळवले. समुद्र न पाहता, तलावावरही नौकानयनाचा पाया किती पक्का होऊ शकतो, याचे हे उदाहरण.

मात्र अशा ठिकाणी पाण्यावर प्रशिक्षक असतो आणि मदतीची मोटारबोट तयार असते. मुळशीच्या विस्तीर्ण पाण्यावर दहा वर्षांचे मूल एकटे आणि आई-वडील काठावर, हे चित्र कितीही रम्य वाटले तरी ते मान्य करण्याजोगे नाही. वळवाचा झोत आला, होडी दोनदा उलटली, मूल दमले, तर काठावरून केवळ हाका मारता येतात. म्हणून लहान होडीच्या हिशोबात मदतीच्या दुसऱ्या नौकेचा आणि ती चालवणाऱ्या जाणत्या माणसाचा खर्च धरलाच पाहिजे. तो धरला की स्वस्ताई बरीचशी ओसरते.

मोठ्या होडीत पालक सोबत असतात, पण सोबत असणे म्हणजे सुरक्षित असणे नव्हे. चालवायला न शिकलेला प्रौढ हा त्या होडीत केवळ जास्तीचे वजन असतो. जुनी एंटरप्राइज उलटली की पाण्याने भरते. ती सरळ करून रिकामी करायला दोघांना सराव लागतो. ज्या घरात निदान दोन प्रौढ एखाद्या संस्थेत रीतसर शिकायला आणि उथळ पाण्यात होडी मुद्दाम उलटवून सरळ करण्याचा सराव करायला तयार आहेत, त्याच घराने मोठी होडी घ्यावी. लाइफ जॅकेट हे दोन्ही होड्यांत, पोहता येणाऱ्यालाही, काठ सोडण्यापूर्वीच अंगावर बांधलेले असावे. गळ्यात शिट्टी असावी. दुपारी पश्चिमेला ढग दाटू लागले की परतावे.

वापरलेली होडी तपासताना

आकार ठरला तरी समोरची होडी कशी आहे, हा प्रश्न उरतो. चांगल्या स्थितीतील लहान होडी ही खिळखिळ्या मोठीपेक्षा केव्हाही बरी, आणि याच्या उलटही खरे.

तळावर सर्वत्र बोटाच्या पेराने किंवा लाकडी मुठीने ठोकून पाहावे. टणक आवाज मध्येच बसका येऊ लागला तर फायबरचे थर सुटले आहेत किंवा आत पाणी मुरले आहे, असे समजावे. शक्य असल्यास होडी वजन करून पाहावी. ठरलेल्या वजनापेक्षा पाच-सात किलो अधिक भरले तर ते पाण्याचे किंवा जुन्या दुरुस्त्यांचे असते. होडी तरती ठेवणाऱ्या हवेच्या पिशव्या फुगवून रात्रभर ठेवाव्यात. सकाळी त्या मऊ पडल्या तर बदलाव्या लागतील. बंद कप्पे असतील तर होडी तासभर पाण्यात ठेवून मग बूच काढून आत पाणी आले का ते पाहावे. फळी ज्या खाचेतून खाली उतरते तिच्या कडा, आणि सुकाणू ज्या कड्यांवर टांगलेले असते त्यांचे स्क्रू हे नेहमीचे दुखणे.

डोलकाठी डोळ्यांसमोर आडवी धरून तिच्या रेषेत पाहिले की वाक लगेच कळतो. तिला ताणून धरणाऱ्या तारांवरून जाड फडके फिरवावे. एखादा तुटलेला तंतू त्यात अडकला तर ती तार बाद. शीड उन्हात धरून पाहावे आणि शिवणीचा धागा नखाने ओरखडावा; उन्हाने कुजलेला धागा सहज तुटतो. चांगले शीड किंचित कडक आणि सळसळते असते, दमलेले शीड जुन्या धोतरासारखे मऊ लागते. मोठ्या होडीबरोबर ट्रेलर येत असेल तर त्याची चाके फिरवून पाहावीत. विकणाऱ्याकडून सही केलेली पावती, होडीचा व शिडाचा क्रमांक आणि पूर्वीच्या मालकीचा कागद घ्यावा. घर किंवा मोटार घेताना जी दक्षता, तीच येथेही.

निर्णय

सारांश असा. ज्या कुटुंबात मूल दहा-बारा वर्षांचे आहे, त्याला स्वतः शिकायची ओढ आहे, आणि प्रशिक्षक व मदतीची बोट असलेल्या संस्थेच्या आधाराने ते पाण्यावर जाणार आहे, त्यांनी लहान होडी घ्यावी. मूल पंधराचे झाले की ती दुसऱ्या मुलाकडे जाते, पैसेही बरेचसे परत मिळतात. ज्या कुटुंबाला एकत्र पाण्यावर जायचे आहे, ज्यातील दोन प्रौढ शिकलेले आहेत आणि वर्षातून पंचवीस-तीस दिवस खरोखर काढू शकतात, त्यांनी मोठी घ्यावी. या दोहोंपैकी कोणतीच अट पुरी होत नसेल, तर तूर्त होडी न घेता संस्थेच्या होडीवर एक हंगाम शिकावे. एक हंगाम शिकल्यावर आपल्याला नेमके काय हवे ते माणसाला आपोआप उमगते, आणि पुष्कळदा ते पूर्वी वाटले होते त्याहून लहान असते.